घंटा आधी झाली की हात आधी पडला, याबाबत

मी खाली सही करणार, वय अडुसष्ट, शिक्षण सातवी (परीक्षेला बसलो नाही), धंदा शाळेत शिपाई, राहणार शाळेच्याच आवारात, पाण्याच्या टाकीमागच्या दोन खोल्या. आज ठाण्यात आपल्या पायांनी येऊन, विचारलेलं सगळं आणि न विचारलेलं थोडं, असं सांगतो की,

मी वरील ठिकाणी पत्नी, मुलगा आणि सून यांच्यासह राहतो. मुलगा त्याच शाळेत गणित शिकवतो. सातवीतल्या मुलीच्या वडिलांनी ज्या शिक्षकाविरुद्ध अर्ज दिला आहे तो शिक्षक म्हणजे माझा मुलगा. हे मी सर्वांत आधी लिहून घ्यायला सांगितलं. उद्या कुणी म्हणायला नको की म्हाताऱ्याने नातं लपवलं. शाळेत मी त्याला सर म्हणतो आणि तो मला मामा म्हणतो, कारण शिपायाला तिथे सगळेच मामा म्हणतात. घरी मी त्याला बाळ म्हणतो. लिहून घेणारे हवालदार हसले. त्याला बाळ म्हणायची सवय आहे, दुसरं काही नाही.

इथे येताना आवाराच्या फाटकाला कुलूप लावलं की नुसती कडी घातली, ते आठवत नाही. सुट्टीच्या दिवशी पोरं टाकीवर चढतात. पडलं-झडलं एखादं तर पुन्हा आमच्याच नावावर. कुणी त्या बाजूला जाणार असेल तर बघावं, असं मी म्हणालो. साहेब म्हणाले, "आजोबा, फाटक राहू द्या. घंटेचं सांगा." म्हणून घंटेचं सांगतो.

शाळेची घंटा मी देतो. माझं नोकरीचं वय संपलं आहे, पण मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, मला घंटेसाठी ठेवून घेतलं. मधे विजेची घंटा आणली होती, ती जळाली. दुरुस्त केली, पुन्हा जळाली. आता पितळेची जाड थाळी व्हरांड्याच्या तुळईला टांगलेली आहे, तिच्यावर लाकडी हातोडीने टोला द्यायचा. तास बदलताना दोन टोले. मधल्या सुट्टीला आणि शाळा सुटताना लांब घंटा, म्हणजे हात भरून येईपर्यंत.

शिक्षकांसाठी जो नवीन कायदा झाला आहे तो मी वाचलेला नाही. मोठ्या बाईंनी सगळ्यांना बोलावून समजावून सांगितला तेव्हा मी चहाचे कप गोळा करत होतो, म्हणून ऐकला. तास चालू असताना, शिस्त राखण्यासाठी शिक्षकाने मुलावर हात टाकला तर पोलिसांनी गुन्हा नोंदवायचा नाही, शाळेने आपली चौकशी करायची आणि विषय मिटवायचा. तास संपला की मात्र शिक्षक आणि रस्त्यावरचा माणूस सारखाच. मोठ्या बाई म्हणाल्या, "थोडक्यात, घंटेआधी झालं तर शिस्त, घंटेनंतर झालं तर मारामारी. तेव्हा जे काही करायचं ते घंटेच्या आत." सगळे हसले होते. मीही हसलो होतो.

साहेबांनीही मला आज तेच समजावलं. मुलीचा जबडा मोडलेला आहे, तो तारेने बांधल्यामुळे ती बोलू शकत नाही. वर्गातली मुलं सगळी एकच वाक्य बोलतात, "सर शिकवत होते, आम्ही लिहीत होतो, मग घंटा झाली." म्हणून माझ्या घंटेला एवढं महत्त्व आलं आहे. हवालदार म्हणाले, "आजोबा, कायदा तुमच्या हातोडीला लटकलाय बघा." मी म्हणालो, थट्टा करू नका, मला रक्तदाब आहे.

शाळेच्या चौकशीत मला विचारलं होतं तेव्हा मी घंटा घड्याळाप्रमाणे दिली असं सांगितलं, म्हणजे हात घंटेआधी, तासातच पडला असं धरलं गेलं. ते खरं नाही. त्या दिवशी घंटा घड्याळाच्या आधी झाली आणि हात त्यानंतर पडला. हे बोलल्यावर मुलाचं संरक्षण जाईल, त्याच्यावर गुन्हा नोंदला जाईल, नोकरी जाऊ शकते आणि आमच्या खोल्याही जातील, हे मला कळतं का, असं साहेबांनी दोनदा विचारलं. कळतं. तिसऱ्यांदा विचारू नका असं मी म्हणालो, ते लिहायची गरज नव्हती पण लिहिलेलं दिसतं. असू दे.

आता हे असं का होत होतं ते सांगतो. मुलाचा वर्ग घंटेच्या बरोबर समोर आहे, मधे फक्त पटांगण. खिडकीतून फळ्याचा कोपरा दिसतो. तो नवीन लागला तेव्हा घंटा झाली आणि गणित अर्धं राहिलं की त्याचा जीव कासावीस व्हायचा. पोरं दप्तरं आवरायला लागतात, कुणी ऐकत नाही. घरी येऊन ताट पुढे ठेवलं तरी हात लावायचा नाही. "बाबा, एक ओळ राहिली होती हो. एकच ओळ." त्याची आई म्हणाली, "अहो, एक ओळ ती काय, जरा दमानं बडवा ना तुमची घंटा." म्हणून मी त्याला सांगितलं, तुझं झालं की खिडकीशी ये आणि हात वर कर, मग मी देतो.

तेव्हापासून तो तास त्याच्या हाताप्रमाणे सुटायचा. कधी थोडा उशिरा, कधी थोडा लवकर. ऑफिसातलं घड्याळ जुनं आहे, त्यामुळे शंका कुणाला आली नाही. सगळी शाळा माझ्या मुलाच्या गणिताची वाट बघते याचा मला आनंद व्हायचा. मी सातवीची परीक्षा दिली नाही ती गणितामुळेच. हे लिहायचं का असं हवालदारांनी विचारलं. लिहा.

मोठ्यांच्या लक्षात आलं नाही ते त्या मुलीच्या लक्षात आलं. तिला शाळेत वकिलीण म्हणतात, हे नाव मीच पाडलेलं आहे, कारण ती पाणी प्यायला आली तरी नळाशी वाद घालते. तिचे वडील घरांना रंग द्यायचं काम करतात. तिचा बाक खिडकीला लागून आहे. एकदा ती घंटेपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, तुमची घंटा सरांच्या हाताला बांधलीय का हो?"

मी म्हणालो, "पळ, वकिलीणबाई. तास सुरू झालाय."

"नाही, खरं सांगा ना. मी वर केला हात, तर वाजेल?"

"तुझा हात केवढा, सरांचा केवढा."

"बघू या का?"

"बघ."

मी चेष्टेत बोललो. पोरांशी आपण बोलतो तसं.

त्यानंतर एके दिवशी सर फळ्याकडे तोंड करून लिहीत असताना तिने खिडकीत हात वर केला आणि मी लांब घंटा दिली. माझी नजर अधू आहे, आणि चष्मा खोलीत राहिला होता. सगळी शाळा पटांगणात. बालवर्गाची पोरं बूट हातात घेऊन बाहेर आली. मोठ्या बाई व्हरांड्यात येऊन घड्याळाकडे बघतायत, माझ्याकडे बघतायत. मुलीने तोंडावर दोन्ही हात ठेवले होते आणि हसू बोटांतून बाहेर येत होतं. मलाही मनातून हसू आलं होतं, ते मी दाखवलं नाही.

पण तेव्हा सगळ्यांना हाताची खूण कळली. शिक्षकांच्या खोलीत मी चहा घेऊन गेलो तेव्हा खेळाचे सर माझ्या मुलाला म्हणाले, "सर, तुमच्या वडलांशी माझ्याही हाताची ओळख करून द्या. उन्हात उभं राहून पाय मोडतात माझे." चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, "घरची घंटा असल्यावर काय, वाटेल तेव्हा रविवार!" मुलगा हसला. तो कसा हसतो ते मला लहानपणापासून माहीत आहे, ते हसणं नव्हतं. कप तसाच भरलेला परत आला.

घरी मी त्याला म्हणालो, "बाळ, उद्यापासून घड्याळाप्रमाणे देतो. झालं ते झालं."

तो म्हणाला, "नको. बंद केलंत तर सगळे म्हणतील, बघा, खरंच होतं. आहे तसं चालू दे. तुम्ही फक्त चष्मा लावून उभे राहत जा."

म्हणून मी चष्मा लावायला लागलो आणि बाही बघायला लागलो. मुलगा पांढरा शर्ट घालतो आणि उकाड्यातसुद्धा बाहीचं बटण लावलेलं असतं. मुलींचा गणवेश निळा आहे. पांढरी बाही दिसली तरच टोला, असं मी ठरवलं होतं. त्यामुळे त्या दिवशी हात कुणाचा होता याबद्दल माझी चूक झालेली नाही. साहेब पुन्हा विचारतात म्हणून पुन्हा सांगतो, हात माझ्या मुलाचा होता.

घटनेच्या दिवशी मंगळवार होता. मधल्या सुट्टीच्या आधीचा तास. मी हातोडी घेऊन चष्मा लावून उभा होतो. घड्याळाप्रमाणे घंटेला वेळ होता. मुलगी आपल्या बाकापाशी उभी राहिलेली दिसली, माझ्याकडे पाठ. मग मुलगा फळ्याकडून तिच्या दिशेने आला. काय बोलणं झालं ते पटांगण ओलांडून ऐकू येत नाही. मग पांढरी बाही वर गेली. मी टोला दिला.

साहेबांनी विचारलं, "हात वर गेला तेव्हा तुम्हाला काय वाटलं?"

मला वाटलं गणित पुरं झालं.

पहिला टोला दिला तेव्हा हात वरच होता. दुसऱ्या टोल्याला खाली आला. मुलगी खिडकीच्या गजांवर आपटली आणि दिसेनाशी झाली. मी घंटा देतच राहिलो. साहेब विचारतात, का थांबला नाहीत. लांब घंटा मधेच तोडली तर पोरांना वाटतं तास बदलला, ती जागची उठत नाहीत. एवढ्या वर्षांत मी कधी तोडलेली नाही. हात आपला चालूच राहिला. त्या आवाजात वर्गातलं काही ऐकू येणं शक्य नव्हतं, आणि वर्गातल्यांनाही आमचं काही ऐकू येणं शक्य नव्हतं.

घंटा पुरी करून मी धावत गेलो. वर्गातली मुलं तोपर्यंत डबे घेऊन व्हरांड्यात आलेली होती आणि डबे उघडत नव्हती. आत मुलगी खाली बसलेली होती. मुलाने तिच्या तोंडाला आपला रुमाल धरला होता आणि दुसऱ्या हाताने तिचं डोकं सावरलं होतं, सांडू नये असं काही धरावं तसं. मला बघून तो म्हणाला, "बाबा, पाणी." शाळेत त्याने मला बाबा म्हटलेलं मला आठवत नाही.

मोठ्या बाईंच्या गाडीतून त्यानेच तिला दवाखान्यात नेलं. हेही लिहावं. तो पळून गेला नाही. तिचे वडील येईपर्यंत तो तिथेच बाकावर बसून होता.

ती त्याला काय बोलली ते मला नंतर सुनेकडून कळलं, सुनेला मुलानेच सांगितलं. ते गणित त्या दिवशी लवकर झालं होतं. मुलगी उभी राहून म्हणाली, "सर, तुम्ही करता हात वर की मी करू? मामा बिचारे ताटकळलेत." वर्ग हसला. एवढंच. तिने शिवी दिली नाही, कुणाला ढकललं नाही, काही फेकलं नाही. सुनेने सांगितलं तसं मी सांगतो, हे ऐकीव आहे.

शाळेची चौकशी मोठ्या बाईंच्या खोलीत झाली. मला दाराशी उभं केलं. त्या म्हणाल्या, "मामा, त्या दिवशी घंटा घड्याळाप्रमाणेच दिलीत ना?" मुलगा समोर बसलेला होता आणि आपल्या बुटांकडे बघत होता. मी म्हणालो, "हो बाई." त्या म्हणाल्या, "झालं तर मग." आणि पेनाचं टोपण लावलं. मला वाटलं होतं बरंच काही विचारतील. मी रात्रभर उत्तरं पाठ केली होती. माझी एकाच उत्तरात सुटका झाली.

बाहेर आल्यावर खेळाच्या सरांनी मुलाशी हात मिळवला. "सुटलात. कायदा आहे म्हणून. नाहीतर हे लोक डोक्यावर बसले असते." मुलाने हात सोडवून घेतला. घरी मात्र तो बोलला. म्हणाला, "बाबा, मला घंटा ऐकूच आली नाही. शपथ घेऊन सांगतो. तुम्ही वाजवत होता आणि मला ऐकू येत नव्हती." हे खरं आहे असं मला वाटतं. हे माझ्या जबाबात ठळक लिहावं. हवालदार म्हणाले, ठळक असं काही नसतं, सगळं एकाच पेनाने लिहितात. बरं.

त्याच आठवड्यात मुलीचे वडील फाटकाशी आले. हाताला रंग तसाच होता, काम सोडून आलेले. मला वाटलं मारायला आले. मी फाटकाच्या आतच उभा राहिलो. ते म्हणाले, "काका, घाबरू नका. भांडायला नाही आलो. माझी पोरगी तोंडाळ आहे, मला माहीत आहे, घरी आम्हालासुद्धा ऐकून घ्यावं लागतं. मला फक्त विचारायचंय, तिने केलं काय? ठाण्यात जातो तर म्हणतात शाळेत विचारा. शाळेत जातो तर म्हणतात, कायद्यात बसतं. काय बसतं? माझ्या पोरीला तोंड उघडता येत नाही आणि इथे कुणी तोंड उघडायला तयार नाही."

मी म्हणालो, "मी घंटेपाशी असतो. मला काय ठाऊक."

त्यांनी फाटकाचे गज धरले. मग म्हणाले, "ती दवाखान्यात बोटांनी खुणा करते. आम्हाला कळत नाहीत. तुमच्याशी चांगलं जमायचं म्हणते ना, म्हणजे म्हणायची. एकदा येऊन जा." मी गेलो नाही. जायला हवं होतं का, हे साहेबांनी विचारलेलं नाही.

मुलगा पुन्हा वर्गावर जायला लागला. मी त्याला म्हणालो, आता तरी घड्याळाप्रमाणे देऊ दे. तो म्हणाला, "आता तर मुळीच नाही, बाबा. घड्याळाप्रमाणे द्यायला लागलात तर लोक विचारतील, आधी कशी देत होता." ते बरोबरच होतं. माझ्या तोंडून "हो बाई" गेलेलं होतं, ते सांभाळायचं तर हाताचीच घंटा चालू ठेवायला हवी होती. असं एकात एक अडकलं.

पहिल्याच दिवशी त्याचा हात वर गेला आणि मला घंटा देता आली नाही. पांढरी बाही स्पष्ट दिसत होती. चष्मा होता. पण तो हात कसला आहे ते मला कळेना. हातोडी हातात घेऊन मी पटांगणातून पळालो. दोनदा ठेचकाळलो. या वयात असं पळणं शोभत नाही, चौथीच्या वर्गातली पोरं खिडकीत येऊन बघायला लागली.

जवळ गेलो तर फळा भरलेला होता. गणित सुटलेलं, खाली दोन रेघा मारलेल्या. मुलगा खिडकीशी हात वर करून उभा होता आणि माझ्याकडे बघून हसत होता, खरं हसत होता, कितीतरी दिवसांनी. मला धापा टाकताना बघून म्हणाला, "बाबा, काय झालं? द्या ना घंटा."

त्याची वर्गाकडे पाठ होती. त्याच्या मागे पहिल्या बाकांवरच्या सगळ्या मुलांनी माना खाली घालून दोन्ही हात डोक्यावर घेतले होते. त्यांना तसं करायला कुणी सांगितलं नव्हतं. तो रागावलेलाही नव्हता. फक्त हात वर झाला होता. खिडकीजवळचा बाक रिकामा होता.

मी त्याला मागे बघ म्हणालो नाही. परत गेलो आणि घंटा दिली. लोक वाट बघत होते.

त्या दिवसापासून मला अन्न जात नाही. पत्नीला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, तुम्हाला कुणी विचारायला आलंय का? घंटा बडवा आणि गप्प बसा. या वयात खोल्या गेल्या तर मला कुठे घेऊन जाणार आहात? टाकीवर?" मी म्हणालो, पोरं डोकी झाकतात गं. ती म्हणाली, "पोरं विसरतात." मी म्हणालो, आपला विसरेल का? त्यावर ती भांडी घासायला गेली. बराच वेळ तेच पातेलं घासत होती. परत येऊन पदराला हात पुसत म्हणाली, "जायचंच असलं तर रविवारी दुपारी जा. तो जेवून झोपलेला असतो. आणि चांगला शर्ट घालून जा, नाहीतर कुणी आत घेणार नाही." म्हणून मी आज आलो. कुणी मला भीती किंवा आमिष दाखवलेलं नाही. मुलीच्या वडिलांशी त्यानंतर माझं बोलणं झालेलं नाही.

साहेबांनी विचारलं, मुलाने शिस्तीसाठी मारलं की रागाने. त्याच्या मनातलं मी कसं सांगू? तो चार वर्षांचा असताना मुंग्या पायाखाली येऊ नयेत म्हणून पटांगणात वाकून चालायचा. पोरं त्याला म्हातारा म्हणायची. साहेब म्हणाले, हे प्रकरणाशी संबंधित नाही. बरोबर आहे, नाही. मी फक्त विचारलं त्याचं उत्तर शोधत होतो.

माझं म्हणणं एवढंच की हात वर गेला, मी घंटा दिली, तास संपला आणि त्यानंतर हात खाली आला. मी घंटा दिली नसती तर कायद्याप्रमाणे ती शिस्त झाली असती. मी ती त्याच्यासाठीच दिली होती. यातलं कायद्यात काय बसतं आणि काय नाही ते तुम्ही बघा. मला एवढं विचारायचं होतं की त्याला इथे आणाल तेव्हा बेड्या घालाल का. साहेब म्हणाले, तो पळणाऱ्यातला वाटत नाही. हे उत्तर झालं की नाही ते मला समजलं नाही, पण मी पुन्हा विचारलं नाही.

जबाब पूर्ण होत आला तेव्हा हवालदार बाहेर जाऊन आले आणि म्हणाले, "आजोबा, तुमचा मुलगा आलाय. आई रडत होती म्हणाला. तुम्हाला घरी न्यायला आलाय." तो बाहेरच्या बाकावर बसलेला दारातून दिसतो. त्याला आत बोलवायचं का, असं साहेबांनी विचारलं.

जबाब मोठ्याने वाचून दाखवायची पद्धत आहे असं मला सांगण्यात आलं. दार उघडं असल्याने मी तो हळू वाचायला सांगितलं. हवालदारांनी तो माझ्या कानाशी वाचला. मी सांगितलं तसाच लिहिला आहे आणि तो खरा आहे. त्यावर मी सही करतो. सही झाली की मुलाला आत बोलवावं.